दात्याचे हृदय आणि वाटेतले तास

खडकीचा बाजार लष्कराच्या सोबतीने वाढला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजांमध्ये लढाई झाली, पुढे छावणी वसली, दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि छावणीच्या गरजांभोवती दुकाने थाटली गेली. मारवाड-गुजरातेतून दक्षिणेत उतरलेल्या अनेक जैन कुटुंबांनी अशाच छावण्यांच्या बाजारपेठांत आपला संसार आणि व्यापार उभा केला. त्यामुळे पुण्यातील लष्करी संस्थांविषयी आपल्या मनात एक जुनी आपुलकी असते. हृदय आणि छातीच्या विकारांवर उपचार करणारी ‘आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस’ ही त्यांपैकीच एक संस्था. प्रस्तुत लेखाचा विषय समजून घेण्यासाठी तिथे घडलेल्या एका घटनेपासून आरंभ करणे सोयीचे होईल.

नागपूरहून आलेले हृदय

२६ जुलै २०२३ रोजी नागपूरमध्ये मेंदूमृत घोषित झालेल्या एका तरुण स्त्रीच्या कुटुंबीयांनी तिच्या अवयवांच्या दानास संमती दिली. तिचे हृदय पुण्यातील या लष्करी रुग्णालयात दाखल असलेल्या वायुदलाच्या एका जवानासाठी योग्य ठरले. नागपूर ते पुणे हे रस्त्याचे अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक आहे. वायुदलाच्या ‘एएन-३२’ विमानाने हा प्रवास सुमारे नव्वद मिनिटांत पार पाडला. दोन्ही शहरांत वाहतूक पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला, ज्याला आपण वृत्तपत्रीय भाषेत ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणतो.

याच्या आठ वर्षे आधी, ३ ऑगस्ट २०१५ रोजी, पुण्यातील जहांगीर रुग्णालयातून एका दात्याचे हृदय विमानाने मुंबईला आणि तेथून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात नेण्यात आले होते. सुमारे दीड तासाच्या त्या प्रवासानंतर डॉ. अन्वय मुळ्ये यांनी केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि मुंबईत हृदय प्रत्यारोपणाचे नवे पर्व सुरू झाले. योगायोग असा की, भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपणही ३ ऑगस्ट याच तारखेला, १९९४ साली, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले होते.

अशा बातम्या वाचताना आपले लक्ष वेगाकडे जाते. किती मिनिटांत गाडी पोहोचली, किती पोलीस चौकाचौकांत उभे होते, याचे कौतुक होते; ते योग्यच आहे. पण एवढी घाई कशासाठी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ‘उशीर झाला तर हृदय बंद पडेल’ हे त्याचे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की, त्या पेटीतल्या काही तासांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांना जी इजा होते, तिचे फळ रुग्णाला पाच किंवा दहा वर्षांनीही भोगावे लागू शकते.

व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. लांबून आलेला माल उतरवून घेताना पेटी बाहेरून शाबूत दिसते, वजन बरोबर भरते, पावतीवर सही होते. वाटेत लागलेला मार पुढे कधीतरी, गोदामात, उघडकीस येतो. हृदयाचेही तसेच आहे.

पहिला धडा केप टाऊनचा

मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. २ जानेवारी १९६८ रोजी त्यांनी फिलिप ब्लायबर्ग या दंतवैद्यावर दुसरी शस्त्रक्रिया केली. ब्लायबर्ग एकोणीस महिने जगले. ते घरी परतले, हिंडले-फिरले, जगभर त्यांची छायाचित्रे छापून आली. याच उत्साहाच्या काळात, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाचा धाडसी प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासच जगला. तरी जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांमध्ये आपल्या महाराष्ट्राचे नाव नोंदले गेले.

ऑगस्ट १९६९ मध्ये ब्लायबर्ग यांचे निधन झाले तेव्हा शवविच्छेदनात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. त्यांना मिळालेले हृदय विशीतल्या एका तरुणाचे होते. परंतु त्या हृदयाच्या धमन्या मात्र म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा अरुंद होऊन गेल्या होत्या. एवढ्या थोड्या काळात एवढा बदल! नव्या शरीरात गेलेल्या हृदयाला स्वतःचा एक वेगळा रोग होतो, याची जाणीव वैद्यकशास्त्राला तेथे प्रथम झाली.

पुढे प्रतिकारशक्ती आवरणारी प्रभावी औषधे आली, शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, रुग्ण पंधरा-वीस वर्षे जगू लागले. पण हा रोग मागे हटला नाही. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांनी साधारण तीस टक्के रुग्णांत आणि दहा वर्षांनी जवळपास निम्म्या रुग्णांत तो कमीअधिक प्रमाणात आढळतो. दीर्घकाळ जगणाऱ्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते.

न दुखणारा रोग

आपल्या समाजात हृदयविकार घरोघरी परिचयाचा आहे. बैठा व्यवसाय, तुपातले पदार्थ, फरसाण, मधुमेह आणि व्यवहाराची काळजी यांमुळे ‘ब्लॉकेज’, ‘अँजिओप्लास्टी’, ‘बायपास’ हे शब्द मुलांनाही पाठ असतात. प्रत्यारोपित हृदयाचा रोग मात्र यापेक्षा तीन बाबतींत निराळा आहे.

पहिली गोष्ट, नेहमीच्या हृदयविकारात धमनीच्या एखाद्या भागात चरबीचा थर साचतो. तेथे स्टेंट बसवता येतो किंवा त्या भागाला वळसा घालून बायपास करता येतो. प्रत्यारोपित हृदयात धमनीचा आतला थर सगळीकडून, वर्तुळाकार आणि शेवटच्या बारीक शाखांपर्यंत जाड होत जातो. जुन्या नळाला आतून सर्वत्र क्षार चढावा तसा. एक-दोन जागी स्टेंट घालून त्याचा निकाल लागत नाही. रोग फार वाढला तर खरा उपाय एकच उरतो, तो म्हणजे पुन्हा प्रत्यारोपण. आणि तेवढी हृदये उपलब्धच नसतात.

दुसरी गोष्ट, हा रोग वर्षांच्या हिशेबाने नव्हे, कधीकधी महिन्यांच्या हिशेबाने वाढतो आणि तरुण रुग्णांनाही गाठतो.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. शस्त्रक्रियेत हृदयाकडे येणाऱ्या मज्जातंतू कापल्या जातात. त्यामुळे रक्तपुरवठा कमी पडला तरी बहुतेक रुग्णांना छातीत दुखत नाही. धाप लागणे, पायांवर सूज येणे, थकवा वाटणे एवढ्यावरच सूचना मिळते; काहींना तीही मिळत नाही. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने काही त्रास नसतानाही ठरलेल्या वेळी अँजिओग्राफी आणि इतर तपासण्या करून घ्यायच्या असतात. काही ठिकाणी धमनीच्या आत सूक्ष्म ध्वनिलहरींचा उपयोग करून भिंतीची जाडी मोजली जाते. त्यातून रोग आणखी लवकर कळतो. ‘मला तर काही होत नाही, मग कशाला तपासणी?’ असे म्हणणे या आजारात परवडत नाही.

बर्फाच्या पेटीत काय घडते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दात्याच्या शरीरातून हृदय काढण्यापूर्वी त्यात थंड, पोटॅशियमयुक्त द्रव सोडला जातो. हृदय शिथिल होऊन थांबते. मग ते जंतुविरहित पिशव्यांत, संरक्षक द्रवात ठेवून बर्फाच्या पेटीत बंद केले जाते. ही पद्धत मुळात १९६० च्या दशकातली आहे. ती स्वस्त, सोपी आणि जगभर वापरात आहे. थंडीमुळे पेशींची कामे मंदावतात आणि प्राणवायूची गरज बरीच कमी होते. म्हणून साधारण चार तासांची मर्यादा शल्यविशारद पाळतात. नागपूर-पुणे प्रवासातली घाई याच चार तासांसाठी होती.

पण गरज कमी होते, संपत नाही. रक्ताशिवाय राहिलेल्या पेशींत शक्तीचा साठा घटतो आणि काही टाकाऊ द्रव्ये साचतात. नव्या शरीरात हृदय शिवून रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला की त्याच क्षणी प्राणवायूपासून अत्यंत दाहक कण तयार होतात. म्हणजे जे रक्त जीवन घेऊन येते तेच पहिल्या काही मिनिटांत इजाही करते. शिवाय बर्फाची थंडी सगळीकडे सारखी नसते. बर्फाला लागून असलेला भाग गोठणबिंदूच्या जवळ जातो आणि त्या भागातील ऊतींना त्याचा स्वतंत्र त्रास होतो.

या सगळ्याचा सर्वाधिक मार बसतो तो धमन्यांच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर म्हणजे एकाच पेशीच्या जाडीचा नाजूक थर. त्याच्या पृष्ठभागावर शर्करायुक्त रेणूंचे एक बारीक आवरण असते. हे आवरण शाबूत असते तोवर रक्तातील पांढऱ्या पेशी तेथून निमूटपणे पुढे जातात. आवरण झिजले की अस्तर जणू धोक्याचा ध्वज उभारते. पांढऱ्या पेशी तेथे चिकटतात, आत शिरतात, दाह सुरू होतो. आधीच परके असलेले हृदय शरीराला अधिकच परके वाटू लागते. दुरुस्तीच्या नावाखाली धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी आत सरकून वाढू लागतात आणि थरावर थर चढतो. वर्षांनंतर अँजिओग्राफीत दिसणाऱ्या अरुंद धमनीची सुरुवात अशी त्या पहिल्या दिवशी झालेली असू शकते.

वाटेतले तास हे या रोगाचे एकमेव कारण नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. दात्याचे वय, मेंदूमृत्यूच्या वेळी शरीरात उसळणाऱ्या संप्रेरकांचा हृदयावर होणारा आघात, दाता आणि रुग्ण यांच्या ऊतींमधील फरक, सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूचा संसर्ग, पूर्वी येऊन गेलेले अस्वीकाराचे झटके, वाढलेले कोलेस्टेरॉल, मधुमेह, रक्तदाब ही सर्व कारणे त्यात भर घालतात. मात्र यांपैकी दात्याचे वय किंवा ऊतींतील फरक आपल्या हाती नसतो. हृदय कसे आणि किती वेळ जपले जाते, हे बरेचसे माणसाच्या हाती आहे. म्हणूनच संशोधकांचे लक्ष तिकडे वळले आहे.

जपणुकीच्या नव्या वाटा

पहिली वाट तापमानाची. साध्या बर्फाऐवजी हृदय चार ते आठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिर ठेवणाऱ्या पेट्या आता उपलब्ध आहेत. गोठण्याची इजा त्याने टळते.

दुसरी वाट प्रवाहाची. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील शल्यविशारद स्टिग स्टीन यांनी अशी पद्धत विकसित केली की, सुमारे आठ अंश तापमानाला ठेवलेल्या थांबलेल्या हृदयातून प्राणवायू आणि पोषक द्रव्ये असलेला द्रव सतत मंदपणे फिरवला जातो. म्हणजे हृदय विश्रांती घेते, पण उपाशी राहत नाही. युरोपातील अनेक रुग्णालयांत झालेल्या आणि २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नवे हृदय सुरुवातीलाच दुबळे पडण्याचे प्रमाण या पद्धतीने कमी दिसले; तथापि चाचणीचा मुख्य निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यासाठी उतरला नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये या पद्धतीने सहा-आठ तासांच्या प्रवासानंतरही हृदये चांगली चालली. जानेवारी २०२४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच बेटांवरून एक हृदय प्रवासी विमानाने अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिसला नेण्यात आले. बारा तासांनंतर त्याचे प्रत्यारोपण झाले आणि ते कार्यरत झाले.

तिसरी वाट उष्णतेची. एका यंत्रात उबदार रक्त फिरवून हृदय धडधडत्या अवस्थेतच नेले जाते. यात वाटेतच हृदयाची परीक्षा करता येते. यंत्र महाग आहे आणि त्यासोबत प्रशिक्षित माणसे प्रवासात लागतात.

चौथी वाट औषधाची. जपणुकीच्या द्रवातच असे काही घालावे की पेशी स्वतःचे रक्षण करतील. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी अपस्मारावर दीर्घकाळ वापरात असलेले व्हॅल्प्रोइक आम्ल या द्रवात मिसळून पाहिले आणि हृदयपेशींची इजा कमी झाल्याचे २०२३ मध्ये मांडले. त्याआधी, २०२१ मध्ये, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डॉ. जयचंद्रन किझक्केडत्तु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक सुंदर कल्पना पुढे आणली. धमनीच्या अस्तरावरचे जे शर्करायुक्त आवरण झिजते, त्याच्या जागी तसेच काम करणारे कृत्रिम आवरण, प्रत्यारोपणापूर्वीच, बाहेरून चढवायचे. उंदरांच्या धमन्या आणि मूत्रपिंडे यांवर त्यांनी प्रयोग केले. आवरण चढवलेल्या अवयवांवर प्रतिकारशक्तीचा हल्ला बराच कमी झाला. रुग्णाच्या सबंध शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून टाकण्याऐवजी केवळ अवयवाच्या आतल्या भिंतीचे रक्षण करावे, हा त्यामागचा विचार आहे.

येथे विवेकाने एक गोष्ट लक्षात ठेवायची. औषधांचे हे प्रयोग अद्याप रुग्णालयांतील नित्याच्या वापरात आलेले नाहीत. नव्या पेट्यांमुळे हृदयाची सुरुवात चांगली होते असे दिसत असले, तरी दहा वर्षांनंतर धमन्या मोकळ्या राहतात काय, याचे उत्तर दहा वर्षांनीच मिळणार. आपल्याकडील बहुतेक प्रवास आजही बर्फाच्या पेटीतूनच होतात. त्यामुळे येथे मिनिटांची किंमत अधिक आहे.

औषधाची वेळ आणि चौविहार

हृदय पोहोचल्यानंतरची जपणूक रुग्णाच्या आणि त्याच्या घराच्या हाती असते. प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसले तरी स्टॅटिन वर्गातील औषध दिले जाते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात प्रॅव्हास्टॅटिनमुळे धमन्यांचा हा रोग कमी झाल्याचे आणि रुग्णांचे जीवित वाढल्याचे दिसले होते. २००३ मध्ये एव्हरोलिमस या औषधानेही धमनीच्या थराची वाढ मंदावल्याचे सिद्ध झाले. कोणाला काय द्यायचे, हे अर्थातच तज्ज्ञांनी ठरवायचे.

जैन कुटुंबांपुढे येथे एक खास प्रश्न उभा राहतो. टॅक्रोलिमससारखे मुख्य औषध बहुधा दर बारा तासांनी घ्यायचे असते आणि त्याचे रक्तातील प्रमाण अत्यंत काटेकोर राखावे लागते. एखादा डोस चुकला तर अस्वीकाराचा धोका, जास्त झाला तर मूत्रपिंडांना इजा. आता ज्या घरात सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत, त्या घरातील रुग्णाने काय करावे? पुण्यात डिसेंबरअखेर दिवस सुमारे अकरा तासांचाच असतो. सूर्योदय ते सूर्यास्त यांत बारा तासांचे अंतर त्या दिवसांत बसतच नाही. नवकारसी केली तर आणखी ४८ मिनिटे जातात. उन्हाळ्यात हा मेळ जमेल, थंडीत जमणार नाही, आणि ऋतूनुसार औषधाची वेळ सरकवत राहणेही योग्य नाही.

याला मार्ग आहेत. दिवसातून एकदाच घ्यावयाचे, हळूहळू परिणाम करणारे टॅक्रोलिमस उपलब्ध आहे. ते आपल्या रुग्णाला चालेल काय, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. ते शक्य नसल्यास आपल्या पचक्खाणांमध्ये आगारांची, म्हणजे सवलतींची, व्यवस्था पूर्वाचार्यांनीच करून ठेवली आहे, आणि आजारात समाधी टिकावी म्हणून घेतलेल्या औषधाचा विचार तीत आहे. साधु-साध्वीजींना विचारून तसे पचक्खाण घेता येते. मात्र डॉक्टरांपासून लपवून संध्याकाळची गोळी सोडणे हा मार्ग नव्हे. पर्युषणातील अठ्ठाई, वर्षीतप यांसारखी तपे अशा रुग्णाने मनाने करू नयेत. शरीरात पाणी कमी पडले तर आधीच औषधांचा भार सोसणारी मूत्रपिंडे लवकर थकतात. तपाची अनुमोदना करणे, हेही आपल्या परंपरेत पुण्यकारक मानले आहे.

आपल्या काही सवयी मात्र अशा रुग्णाला अनुकूल आहेत. उकळून गार केलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, शिळे न खाण्याचा नियम हे संसर्ग टाळणारेच आहे. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे तेवढी टाळावीत, कारण त्यांनी औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. स्टेरॉइडमुळे साखर आणि चरबी वाढण्याचा संभव असल्याने मिठाई, तूप आणि तळणीचे पदार्थ यांना आवर घालावा लागतो. चालणे रोजचे हवे.

ज्याचा सौदा होत नाही

आता दात्याच्या घराकडे वळू, कारण या सर्वाचा उगम तेथे आहे. भारतात २०२३ या वर्षी प्रथमच मेंदूमृत दात्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आणि हृदय प्रत्यारोपणे दोनशेहून थोडी अधिक झाली. आपल्या देशाच्या लोकसंख्येपुढे हा आकडा नगण्य आहे.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूकांडाच्या मृत्यूला मान्यता दिली. चार डॉक्टरांचे मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा, ठरलेल्या चाचण्या करून तो मृत्यू प्रमाणित करते. त्यानंतरच जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने दान होते. संमतीनंतर दात्याच्या देखभालीचा आणि अवयव काढण्याचा खर्च त्याच्या कुटुंबाकडून घेतला जात नाही. देह सन्मानाने शिवून अंत्यविधीसाठी परत दिला जातो. अवयव कोणाला द्यायचे, हे आपल्या भागात पुण्याचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार ठरवते. अवयवाची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा असून २०११ च्या दुरुस्तीनंतर त्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात मुरलेल्या आपल्या समाजाने हे मुद्दाम लक्षात घ्यावे की, येथे भाव नाही, दलाली नाही, ओळख नाही. देणाऱ्याला घेणारा कोण ते सांगू नये, असा संकेत आहे. आपल्या परिभाषेत हे गुप्तदानच होय.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली. त्यांत अभयदान सर्वोपरी. नेत्रदानाच्या बाबतीत आपल्या समाजाने मोठे काम केले आहे. हृदयदानाच्या बाबतीत मात्र काही प्रामाणिक शंका असतात. हृदय धडधडत असताना जीवाने देह सोडला असे म्हणावे काय? अंतिम समयीच्या समाधीत त्याने बाधा तर येत नाही ना? या शंकांची टिंगल करू नये आणि एखाद्या लेखाने त्या मिटतील असेही मानू नये. परंतु त्यांची चर्चा अतिदक्षता विभागाच्या दारात, रडत्या माणसांमध्ये, करणे कठीण असते. चातुर्मासात गुरुभगवंतांचे सान्निध्य लाभते, घरातील सर्वजण एकत्र बसतात. शांत मनाने प्रश्न विचारण्याची ती वेळ आहे. उत्तर ‘नाही’ असे निघाले तरी ते विचारपूर्वक निघालेले असेल.

आणि उत्तर ‘होय’ असे निघाले, तर ते जवळच्या माणसांना आजच ठाऊक असावे. राष्ट्रीय संस्थेकडे, ‘नोटो’कडे, दानाची प्रतिज्ञा नोंदवता येते, १८००-११-४७७० या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते. तरीही ऐनवेळी कुटुंबीयांची संमती विचारली जातेच. ज्या घरात हे बोलणे आधी झालेले असते, त्या घराला निर्णयाचा भार हलका होतो आणि दात्याच्या हृदयाची निगाही वेळेवर राखता येते.

खडकीचा रस्ता

राहता राहिला रस्ता. पिंपरी-चिंचवड आणि पुणे यांना जोडणारा जुना मुंबई-पुणे रस्ता खडकीवरून जातो. दोन्ही बाजूंना मोठी रुग्णालये आहेत. या रस्त्याने जाणाऱ्या रुग्णवाहिकेत एखादा अपघातग्रस्त असेल, एखादी बाळंतीण असेल किंवा एखाद्या पेटीत जपलेले हृदय असेल. बाहेरून काही कळत नाही. ग्रीन कॉरिडॉर असला तर पोलीस चौक मोकळे करतात, पण दुकानासमोर तिरपा उभा राहिलेला टेम्पो आणि अर्ध्या रस्त्यावर उतरवलेली पोती त्यांना दर वेळी हलवता येत नाहीत. माल उतरवण्याची वेळ सकाळी लवकर ठेवणे, गाडी रस्त्याला समांतर लावणे, भोंगा ऐकू येताच हमालाला आणि चालकाला बाजूला होण्यास सांगणे, एवढे तर बाजारातील प्रत्येक पेढीला करता येण्यासारखे आहे. ज्याच्यासाठी रस्ता दिला तो माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, आणि वाचलेल्या त्या दोन मिनिटांची नोंद कुठल्या वहीत होणार नाही. पण बर्फाच्या पेटीतल्या त्या हृदयाला प्राणवायूशिवाय राहावे लागण्याची दोन मिनिटे तेवढी कमी होतील.